वर्तकनगरचे ‘वॉकरवाले काका’ गेले : आठवणी, आणि एक विचारणा

उंबरठा (धागाकर्ती)

ठाण्यातल्या वर्तकनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या पट्ट्यात ज्यांच्या घरी कधी कोणी अंथरुणाला खिळलं असेल, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन केलेला असणार. बाबा गेल्या महिन्यात गेले. वय ७९. झोपेतच गेले. दिवस होईपर्यंत घरी जी माणसं येत होती त्यांतली निम्मी आम्हाला अनोळखी होती, आणि प्रत्येकाकडे बाबांची एक तरी गोष्ट होती जी घरात कोणाला ठाऊक नव्हती. त्या कुठेतरी लिहिलेल्या असाव्यात, हा एक हेतू. दुसरा व्यवहाराचा आहे, तो शेवटी सांगते.

नाव लिहीत नाही. सासूबाईंनी बजावलंय, “ह्यांचं नाव आलं की कोणाच्या घरात काय गेलं होतं तेही निघेल. आजारपण ज्याचं त्याचं.” ओळखणारे ओळखतील.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. बाबा सातारकडून आले तेव्हा हाताला कसब असलेल्या माणसाला गेटवर चार दिवस उभं राहिलं तरी काम लागायचं, असं ते सांगत. वर्तकनगरला म्हाडाच्या इमारतीत दोन खोल्या. त्यात बाबा, सासूबाई, दोन मुलं आणि बाबांची आई. पुढे आजींच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या पुन्हा चालल्याच नाहीत. सासूबाई तेव्हा सकाळच्या शाळेत शिकवायच्या. त्यामुळे पहाटेचं अंग पुसणं, कपडे बदलणं बाबांकडे, दुपारपासून पुढचं सासूबाईंकडे. पहिली पाळी असली की बाबा साडेचारला उठायचे. कमोडची खुर्ची तेव्हा सहज मिळत नव्हती, आणि मिळाली तरी परवडत नव्हती. बाबांनी पाइप वाकवून स्वतःच केली, खाली डबा सरकवायला रुळासकट.

आजी गेल्या तेव्हा खुर्ची, डोक्याकडून वर होणारी लोखंडी कॉट आणि एक वॉकर घरात उरला. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेला. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कॉट तिकडे चढवली गेली. तिथून हे सुरू झालं. बाबांनी याला कधी समाजकार्य वगैरे म्हटलं नाही. कोणी तसं म्हटलं तर वैतागायचे.

त्यांच्याकडे फोन केला की ते “काय झालं?” असं विचारायचेच नाहीत. पहिला प्रश्न, “पेशंटचं वजन किती?” दुसरा, “संडासाचं दार किती इंच?” लोक चक्रावायचे. पण आपल्याकडच्या जुन्या घरांत संडास-बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटांचं. नेहमीची व्हीलचेअर त्यातून जात नाही आणि हे खुर्ची घरात आणून, पेशंटला तिच्यात बसवून, दारापाशी पोचल्यावर कळतं. बाबा म्हणायचे, टेप घ्या, मोजा, मग फोन करा. मी धरून ठेवतो. आणि खरंच रिसीव्हर धरून बसायचे.

अनामत नाही, भाडं नाही. एक लांब वही. वस्तू, घर, तारीख, परत आल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना ‘दुरुस्ती’. हा रकाना सगळ्यात भरलेला आहे. वॉकरच्या पायाची रबरी बुचं, ब्रेकची वायर, बेअरिंग. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांच्या आसाभोवती बायकांचे केस गुंडाळले जातात आणि चाक फिरेनासं होतं, हे मला लग्न होऊन या घरात येईपर्यंत माहीत नव्हतं. रविवारी सकाळी बाबा गॅलरीत चिमटा घेऊन ते केस काढत बसलेले असायचे.

असा माणूस म्हणजे घरात पाय टिकत नसणार, असं कोणालाही वाटेल. उलट होतं. रात्री साडेआठला पानं मांडली की नऊपर्यंत फोन कोणी उचलायचा नाही, हा त्यांचाच नियम. दोघी बहिणींकडे भाऊबीज एकदाही चुकली नाही. महिन्यातून एका संध्याकाळी सासूबाईंना घेऊन गडकरी रंगायतनला नाटक, नाहीतर नुसतंच तलावपाळीला एक चक्कर, आणि त्या संध्याकाळी नातवंडांनाही बरोबर प्रवेश नाही. माझ्या बाळंतपणात रात्रीची पाळी त्यांनी मागून घेतली होती. “मला सवय आहे,” म्हणाले.

आता विचारणा. जुन्या इमारतीत सामान जिन्याखाली राहायचं. पुनर्विकास झाला, टॉवर झाला, जिन्याखालची जागा गेली. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून आमच्या वाट्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली सगळं ठेवलंय. सोसायटीने बाबा असेपर्यंत चालवून घेतलं. आता महिनाअखेर जागा मोकळी करा असं पत्र आलंय. दोन व्हीलचेअर, पाच वॉकर, तीन कमोड खुर्च्या, हवेच्या दोन गाद्या, एक फोल्डिंग कॉट, कुबड्या, सलाइनचा स्टँड आणि चार पायांच्या काठ्या. शिवाय वहीप्रमाणे काही वस्तू अजून लोकांकडे आहेत. कोणाला द्यावं? की चालू ठेवावं? चालू ठेवायचं तर कसं?

कळवापूल

भावपूर्ण आदरांजली. मी काकांना एकदाच भेटलो. वडिलांसाठी वॉकर न्यायला गेलो आणि लगेच उचलून निघालो, तर म्हणाले, “थांबा. वडील किती उंच?” मी म्हटलं माझ्याएवढेच. मला चप्पल घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि वॉकरची मूठ बरोबर मनगटाच्या घडीला येईल अशी चारही पायांची भोकं बदलली. म्हणाले, उंच वॉकर दिला की माणूस खांदे वर करून चालतो, बुटका दिला की वाकून. दोन्हीत पडतो. घरी गेल्यावर कळलं की दुकानातून आणलेली वडिलांची काठीही चांगली तीन बोटं उंच होती.

मेट्रनबाई

मी निवृत्त परिचारिका. यांना चांगली ओळखत होते, कारण माझ्याशी भांडायचे. कळवापूल, काठीचा विषय निघालाच आहे तर : काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. हे त्यांना मी सांगितलं, तर आधी पटेना. दोन दिवसांनी फोन, “बाई, मी स्वतः चालून बघितलं. तुमचं बरोबर आहे.” त्यानंतर प्रत्येक काठीला त्यांनी एक चिठ्ठी बांधली.

आमचं खरं भांडण हवेच्या गादीवरून. गादी नेली की घरचे निर्धास्त होतात. पंप एका रांगेतली हवा भरतो, दुसरीतली सोडतो, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही हे खरं. पण तरी पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावंच लागतं, आणि टाचा व माकडहाडाची जागा रोज बघावी लागते. कातडी लाल झाली आणि दाबूनही पांढरी होत नसेल तर तिथे जखम सुरू झालेली असते. मी म्हटलं, नुसती गादी देऊ नका, हे पण सांगा. तर म्हणाले, मी फिटर माणूस, मी सांगितलं तर कोण ऐकणार, तुम्हीच या. म्हणून कितीतरी घरी गादीबरोबर मी पण गेले. रिक्षाभाडं ते द्यायचे, ते मात्र मी घेत असे.

पहिलीपाळी

मुलगा टाइप करतोय, मी सांगतोय. आम्ही एकाच खात्यात होतो. कंपनी बंद व्हायची बातमी आली तेव्हा सगळ्यांपुढे कागद ठेवले, सही करा आणि चेक घ्या. आमच्यातले बरेच जण सही करणारच होते. घरी गणपती तोंडावर. ह्याने कँटीनच्या मागे फळीवर खडूने हिशोब मांडला. शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं अर्धवट वर्ष पूर्ण धरायचं. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा. त्याने तो कुठून तरी मिळवून वाचला होता. एकेकाची पगाराची चिठ्ठी घेऊन आकडा काढून दिला आणि म्हणाला, कागदावरचा आकडा याच्याशी जुळला तरच सही.

काहींचा जुळत नव्हता. ते निस्तरायला वेळ गेला, पण पैसे मिळाले. त्यातल्या एकाही माणसाकडून त्याने चहा घेतला नाही. खोटं कशाला बोलू, मामलेदारची मिसळ मात्र घेतली. पण ती आम्ही दर पगाराला खायचोच.

एक सांगतो. तो पैसे उसने द्यायचा नाही. कोणालाच नाही. तोंडावर सांगायचा, “पैसे घराचे आहेत, माझे नाहीत. वेळ माझा आहे, तो माग.” तेव्हा राग यायचा.

पोहे_विदाउट_शेव

अवांतर : मामलेदारला तिखट की मीडियम?

पहिलीपाळी

तिखट. तो मीडियम घ्यायचा आणि आमची तर्री ओतून घ्यायचा.

सरळप्रश्न

धागा वाचला, माणूस मोठाच. पण एक विचारतो, राग मानू नका. अशा प्रत्येक ‘काकां’च्या मागे एक काकू असतात आणि आदरांजलीच्या लेखांत त्या चहा करताना तेवढ्या दिसतात. दोन खोल्यांत पाच माणसं आणि त्यात दुनियेची कमोडं. काकूंना विचारलं होतं का कोणी?

उंबरठा

राग कसला, हा प्रश्न मीच त्यांना वाचून दाखवला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं :

“मला कोणी विचारलं नव्हतं. पहिली खुर्ची परत आली ती न धुता आली. मी ती दाराबाहेरच ठेवली आणि ह्यांना सांगितलं, घरात येईल ते धुवून, वाळवून, आणि धुणार तुम्ही. माझ्या सासूचं मी केलं, आपल्या माणसाचं होतं. गावाचं मी करणार नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी एकाही वस्तूला हात लावलेला नाही. वहीचं अक्षर मात्र बघ. अर्धं माझं आहे.”

मी वही पुन्हा काढून बघितली. खरंच, ‘परत’चा रकाना बराचसा त्यांच्या अक्षरात आहे. मागे लागून वस्तू परत मागवायचं काम त्यांचं. बाबांना ते संकोचाचं वाटायचं, विशेषतः जिथे पेशंट गेला असेल तिथे. सासूबाई पंधरवडा जाऊ द्यायच्या आणि फोन करायच्या. त्या घरातल्या बाईशी अर्धा तास बोलायच्या आणि शेवटच्या मिनिटाला वॉकरचा विषय काढायच्या.

सरळप्रश्न

काकूंना साष्टांग नमस्कार.

तेलचोपडी

मी मुलगी. वहिनीने हा धागा काढलाय हे मला आत्ता कळलं. सगळे बाबांच्या चांगुलपणावर लिहिताहेत म्हणून तक्रार नोंदवते. आई सकाळच्या शाळेत, त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात माझ्या वेण्या बाबा घालायचे. भरपूर तेल आणि नट आवळल्यासारख्या वेण्या. भुवया वर ओढल्या जायच्या. वर्गात बाई म्हणायच्या, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय? सातवीत मी केस कापून टाकले त्याचं खरं कारण हे आहे.

दहावीच्या परीक्षेला प्रत्येक पेपरला ते केंद्राबाहेर उभे राहिले. रजा मांडून. मी म्हटलं, बाबा, सगळ्यांचे आईवडील सोडून जातात. तर म्हणाले, “मला काय काम आहे?” कारखान्यात त्या वर्षी किती काम होतं ते आज वरच्या काकांचं वाचून कळतंय. रडवलंत काका.

घोडबंदर_४१

मी दुसऱ्या एका सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे नावडतं बोलतो. तुमच्या सोसायटीचं पत्र चुकीचं नाही. पार्किंग वाहनासाठीच असतं, तिथे सामान साठवू दिलं की उद्या कोणी जुनं फर्निचर आणून ठेवतो. आणि हवेच्या गाद्या, फोम, ताडपत्री म्हणजे आगीला आमंत्रण. वाद घालू नका, पर्याय मागा. सर्वसाधारण सभेत ठराव मांडून सोसायटीच्या कार्यालयातला एखादा कोपरा, नाहीतर गच्चीखालची बंद खोली मिळते का बघा. ठराव लेखी असला की उद्या कमिटी बदलली तरी अडचण येत नाही. काकांचं तोंडी चाललं होतं, ते त्यांच्या भिडेवर. भीड वारसाहक्काने मिळत नाही.

नेरुळवासी

सगळं सामान एका चालत्या रुग्णसाहित्य केंद्राला देऊन टाका. ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई, सगळीकडे आहेत. अनामत घेतात, पावती देतात, शिस्त असते. घरच्यांनी भावनेपोटी ओढत बसण्यात अर्थ नाही. वर्षभरात दमाल.

मेट्रनबाई

नेरुळवासींचं निम्मं पटतं. हवेच्या गाद्या आणि कॉट द्या, त्या राखायला जागा आणि माणूस लागतो. पण काठ्या, वॉकर, कमोड खुर्च्या जवळच हव्यात. रात्री अकराला रुग्णालयातून म्हाताऱ्या माणसाला घरी आणतात आणि मग लक्षात येतं की संडास भारतीय पद्धतीचा आहे. तेव्हा केंद्र बंद असतं. हे बाबा चालू असायचे. (जेवणाची वेळ सोडून.)

डोळस

उंबरठाताई, विचारू नये, तरी विचारतो. काका झोपेत गेले म्हणालात. नेत्रदान झालं का? ते आम्हाला नेहमी सांगायचे, म्हणून.

उंबरठा

झालं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. पंखा बंद, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाची घडी, डोक्याखाली उशी, नेत्रपेढीचा नंबर. डॉक्टरांनी पहाटेची वेळ सांगितली म्हणून सहा तासांच्या आत बसलं. सासूबाईंनी पंखा बंद केला आणि मगच मुलाला हाक मारली. पेढीची माणसं घरी आली, साधारण वीस मिनिटांत काम झालं, चेहऱ्यावर काही कळत नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि मधुमेहही होता. नातेवाईकांत कुजबुज झाली की असले डोळे घेतात का. घेतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चांगला असला की झालं.

शास्त्रीनगर_बसस्टॉप

वहीत बघा, एक व्हीलचेअर, डाव्या हाताच्या टेकूला काळी टेप. ती आमच्याकडे आहे. आई अजून वापरतेय. परत करू का?

उंबरठा

वापरत असाल तर परत कशाला? फक्त पुढची चाकं बघा, केस अडकले असतील.

आणि मंडळी, काल घरी बैठक झाली. हवेच्या गाद्या आणि कॉट डोंबिवलीच्या एका केंद्राला जातील. बाकीचं राहील. घोडबंदर यांनी सांगितल्याप्रमाणे सभेसाठी अर्ज दिलाय. तोवर माझ्या नवऱ्याच्या मित्राचा सावरकरनगरला गाळा आहे, तिथला मागचा कोपरा मिळालाय. वही सासूबाईंकडे. अटी त्यांच्या, मी फक्त लिहून घेतल्यात. वस्तू धुऊनच परत करायची. संध्याकाळी सात ते नऊ फोन करायचा नाही, आधी अर्धा तास होता, आता त्यांची मालिकाही त्यात घेतली आहे. दुरुस्तीला माणूस हवाय. माझ्या नवऱ्याला बल्ब बदलता येतो, त्यापुढे नाही.

पहिलीपाळी

दुरुस्ती मी करतो. गुडघे गेलेत, हात आहेत. रविवारी दहाला मुलगा सोडेल. त्याचे पाने आहेत का, का माझे आणू?

कळवापूल

मीही येतो. काम येत नाही, सामान उचलून देईन.

उंबरठा

पाने सगळे आहेत, त्यांच्याच पेटीत, मापाप्रमाणे लावलेले. सासूबाई म्हणतात, जिथला पाना तिथेच परत गेला पाहिजे. चहा मिळेल, पोह्यांचं आत्ता सांगत नाहीत.

पोहे_विदाउट_शेव

मग मी पण येतो.